एकेचाळिसावं पान

कोराट, ९ जून १९९४

बाबा,

हात जोडून नमस्कार. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला नाही, म्हणून आधीच सांगते की या पत्रात एक मागणं आहे.

आमच्या कॉलेजात दर गुरुवारी चार वाजता सिनेमा दाखवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आधी अर्धा तास कुणीतरी बोलतं, मग सिनेमा, मग त्यावर भांडणं. दार सगळ्या गावाला उघडं. विद्यार्थी हजेरीसाठी येतात आणि बाजारातल्या बायका पंख्याच्या वाऱ्यासाठी. वक्ते बोलावण्याचं काम माझ्याकडे आहे. गेल्या गुरुवारी वक्त्यानं टांग मारली, म्हणून मीच उभी राहिले आणि नवसाच्या सिनेमांवर बोलले. देवळापुढे पडदा लावायचा, समोर रिकाम्या खुर्च्या मांडायच्या, खुर्च्यांपुढे पाण्याचे पेले ठेवायचे आणि आख्खा सिनेमा त्या खुर्च्यांना दाखवायचा! 'दुसऱ्या रिळाला देवाला डुलकी लागली तर नवस फिटला धरायचा का?' असं मी विचारलं, तेव्हा प्राचार्यसुद्धा पोट धरून हसले.

आता मागणं. इथल्या एका मठाच्या कोठीत रिळांचे आठ डबे सापडले आणि भिक्खूंनी ते कॉलेजला दिले. डब्यांवर नाव आहे 'तांदळाची नाव'. तुमचा आणि आईचा सिनेमा! अर्थात मुका. त्या काळी सगळेच मुके यायचे, आणि पडद्यापुढे टेबल मांडून आवाज तुम्ही द्यायचात. तुम्ही सगळे पुरुष, आई सगळ्या बायका, पोरं आणि म्हशी. २५ ऑगस्टच्या गुरुवारी आम्ही तो लावतोय. तुम्ही या आणि त्याला आवाज द्या. आधी अर्धा तास तुमच्या धंद्याबद्दल बोला. तुम्हाला थांबवणंच कठीण जाईल, ते मी बघेन.

हे झालं कॉलेजचं. माझं वेगळं आहे. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिचा चेहरा मला फोटोतला आठवतो, खरा नाही. खरं आठवतं ते टेबलाखालून दिसायचं तेवढंच: तिचा एक घोटा आणि त्यावर जनरेटरच्या नळीनं भाजल्याचा डाग. आणि आवाज. ती गेल्यावर सात वर्षं तुम्ही दोन्ही आवाज काढलेत, आणि तिचा असा हुबेहूब काढायचात की मी पडद्यामागे जाऊन तिला शोधायचे. तो आवाज आता जगात एकाच जागी उरलाय, तुमच्या गळ्यात. मला तो एकदा ऐकायचाय, बाबा. एकदाच.

तुमची,
कुंग


यासोथोन, १७ जून

कुंग बाळ,

एवढं लांबलचक पत्र! मास्तरीण झालीस तरी मध्ये श्वास घ्यायला शिकली नाहीस.

मला काही जमायचं नाही. भाताची लावणी तोंडावर आलीय. शिवाय पुढचे चार दात गेलेत. नायकाच्या तोंडून 'तुझ्यावाचून मी जगणार नाही' म्हणायला गेलो तर तुझ्या दालनात शिट्टी वाजेल आणि बाजारातल्या बायका घरी जाऊन नवऱ्यांना माझी नक्कल करून दाखवतील. म्हातारा घोडा वरातीत नाचवू नये. तुझ्या कॉलेजात चांगल्या आवाजाची पोरं असतील, त्यांना उभं कर.

तुझ्या आईचं म्हणशील तर गेलेल्या माणसाचा आवाज सारखा सारखा बाहेर काढू नये. झोपलेल्याला उठवल्यासारखं होतं.

वाण्याच्या दुकानात फोन करू नकोस. तिथे सगळं गाव कान देऊन बसलेलं असतं. काय असेल ते लिही.

नवसावर हसलीस ते ठीक आहे, लोकांना हसवणं आपल्या रक्तातच आहे. फक्त खुर्ची रिकामी दिसली म्हणजे ती रिकामीच असते असं नाही, एवढं म्हाताऱ्याचं ऐकून ठेव.

आंबवलेली मासळी बसवाल्याबरोबर पाठवतोय. बरणी सरळ उभी ठेव, नाहीतर होस्टेलातून हाकलतील.

बाबा


कोराट, २ जुलै

बाबा,

बरणी पोचली, झाकण सैल होतं, आख्ख्या मजल्याला तुमची ओळख झाली.

पण थापा मारायच्या तर नीट मारा. लावणी कसली? शेत दोन वर्षांपूर्वीच तुम्ही मावसभावाला कसायला दिलंत. आणि एप्रिलात सोंगक्रानच्या सणाला मी येते म्हटलं, तर तुम्ही म्हणे पंधरा दिवस मठात, मौनात! ज्या माणसानं जेवतानासुद्धा कधी तोंड मिटलं नाही, तो मौनात! जानेवारीत मी नोकरीत कायम झाल्याचं कळवलं तेव्हा तुम्ही दोन ओळींचं पत्र पाठवलंत. सहा वर्षं हंगामी म्हणून राबले, त्याच्या दोन ओळी. घरात कुणी बाई आणलीत का? आणली असेल तर सरळ सांगा. मी काही तिला खाणार नाही.

एक चूक माझ्याकडूनही झालीय. तुम्ही 'हो'च म्हणणार असं धरून मी जाहिराती छापून घेतल्या. 'खाम्फान यांचा जिवंत आवाज, एकोणीस वर्षांनी.' बाजारात, बसस्टँडवर, सगळीकडे लागल्यात. एक म्हातारी मला थांबवून म्हणाली, 'तो खाम्फान? अगं, त्याच्या नायकाच्या आवाजापायी मी माझ्या नवऱ्याशी वर्षभर बोलले नव्हते!' आता तिला काय सांगू?

बरं, येऊ नका. सोबत एक कोरी कॅसेट पाठवतेय. मावसभावाकडे टेपरेकॉर्डर आहे. त्यात एकच प्रसंग बोला. नायिका झोपलेल्या मुलीला नावेत सोडून शहराकडे निघते तो. तेवढाच, फक्त आईच्या आवाजात. लोकांना ऐकवणार नाही. माझ्यापुरतं ठेवीन.

हेही नाही जमलं तर तुम्ही मला आईचं काहीच द्यायला तयार नाही, असं मी समजेन. आजवर तिच्याबद्दल विचारलं की तुम्ही उठून पाणी प्यायला जाता. आता मी एकतीस वर्षांची आहे. किती पाणी प्याल?

कुंग


यासोथोन, १५ जुलै

कुंग,

कॅसेट परत पाठवतोय. टेप बिघडलेली दिसते, काही उमटलं नाही. रागावू नकोस. घरात बाईबिई कुणी नाही.

बाबा


कोराट, २२ जुलै

बाबा,

टेप बिघडलेली नव्हती. मी दोन्ही बाजू ऐकल्या.

आधी कोंबडा ओरडतो. मग खुर्ची सरकते. वहीचं पान उलटल्याचा आवाज येतो, आणि मग कुणीतरी श्वास घेतं. तो श्वास नाकातोंडातून घेतल्यासारखा वाटत नाही. ओला आहे, आत कुठेतरी शिट्टी वाजल्यासारखा. पुन्हा पान उलटतं, पुन्हा तो श्वास. एकदा टेबलावर हात आपटल्याचा आवाज आहे. पूर्ण पंचेचाळीस मिनिटं, बाबा. एवढा वेळ तुम्ही काय करत होतात?

मला भीती वाटतेय. ३१ तारखेच्या रविवारी सकाळच्या बसनं येतेय. काही बनवून ठेवू नका.

कुंग


यासोथोन, २६ जुलै

कुंग बाळ,

रविवारी येऊ नकोस. आधी हे वाच, आणि मग वाटलं तर ये.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझा आवाज गेला. बसला नाही, गेला. मार्चमध्ये उबोनच्या मोठ्या इस्पितळात गळ्यातली पेटीच काढून टाकली. आता मानेला एक भोक आहे आणि श्वास तिथून येतो. त्यावर मी पातळ फडकं बांधतो. बाजारात पाटीवर लिहून वांगी घेतो. मौनाची थाप तुला मारली खरी, पण ती थाप माझ्या गळ्यातच पडली. तुझी कॅसेट आली त्या दिवशी वाटलं, बघू या. ओठ हलवून बघितलं, जोर लावून बघितलं. सगळी वही उलटली.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायची नव्हती, पण तुझं शेवटचं पत्र वाचून न सांगणं पाप वाटलं.

तुझी कायम होण्याची मुलाखत होती तेव्हा मी वेशीवरच्या आजोबादेवाला बोललो होतो, 'पोरीचं काम होऊ दे, तुला पूर्ण सिनेमा दाखवीन, दोन्ही आवाजांत.' माझ्या गळ्यात गाठ तेव्हाच झाली होती. डिसेंबरातच डॉक्टर म्हणाला होता, पेटी काढावीच लागेल, आवाज राहणार नाही. जानेवारीत तुझं पत्र आलं. जास्त लिहिलं असतं तर नवस फुटला असता, म्हणून दोनच ओळी लिहिल्या; बोलताना घसा फाटत होता, उरलेला आवाज खेळासाठी राखून ठेवला. फेब्रुवारीत ट्रंकेतली जुनी रिळं काढली, आजोबांपुढे पडदा लावला, नऊ खुर्च्या मांडल्या आणि दिवेलागणीला खेळ सुरू केला. दोन तास. माझा आवाज मध्ये मध्ये फाटला, पण तुझ्या आईचा, बुआवानचा, एकदाही फाटला नाही. कसा कोण जाणे. शेवटच्या रिळापर्यंत ती स्वच्छ बोलली.

मावसभावानं टेपरेकॉर्डर आणला होता. मीच त्याला हाकलला. देवाला वाढलेलं ताट उष्टं करायचं नसतं. आणि ज्याच्यासाठी नवस बोलला त्याला तो फिटेपर्यंत सांगायचं नसतं, म्हणून तुला बोलावलं नाही. फिटल्यावर सांगणार होतो. तोवर सांगायला तोंडच उरलं नाही.

चुकलो असेन. ते तू ठरव.

बाबा


कोराट, ६ ऑगस्ट

बाबा,

रविवारी मी बसस्टँडवर गेले होते. तिकीट काढलं, बसमध्ये चढले आणि गाडी सुटायच्या आत उतरले. तुमच्यासमोर उभी राहिले असते तर मी बोलले असते आणि तुम्ही पाटीवर लिहिलं असतंत. ते भांडण मला करायचं नव्हतं.

पण मनात आहे ते लिहिते. तुम्ही मला न विचारता माझी आई नऊ रिकाम्या खुर्च्यांना देऊन टाकलीत. एक खुर्ची मला ठेवता आली नसती? मी मागे उभी राहिले असते, झाडाआड उभी राहिले असते. देव काय मला हाकलणार होता? माझ्या नोकरीसाठी! ती नोकरी मला माझ्या कामानं मिळाली असं मी समजत होते. आता वर्गात खडू हातात घेतला की वाटतं, हा त्या गळ्याच्या बदल्यात आलाय.

आणि मी त्यावर विनोद केला. भरल्या दालनात. देवाला डुलकी लागली तर काय, असं विचारलं. तुम्ही ते वाचलंत आणि मला मासळी पाठवलीत.

चार-पाच महिने मानेला भोक घेऊन एकटे राहिलात. भात कोण रांधत होतं? जखम कोण धूत होतं? मी इतकी परकी आहे का?

प्राचार्य म्हणाले, कार्यक्रम रद्द करा. मी अजून ठरवलं नाही. रिळं माझ्या टेबलावर पडून आहेत.

कुंग


यासोथोन, १३ ऑगस्ट

कुंग बाळ,

भात मीच रांधत होतो. जखम मावसभावाची बायको धूत होती आणि दर वेळी मला शिव्या घालत होती. उलटून बोलता येत नव्हतं, त्यामुळे तिची चैन होती.

खुर्चीबद्दल बोललीस ते खरं आहे. एक मांडायला हवी होती. माझ्या डोक्यात ते आलंच नाही, आणि आता ते डोक्यातून जात नाही.

रद्द करू नकोस. लोकांना सांगितलंय तर खेळ झाला पाहिजे, आपल्या घराण्यात खेळ मोडत नाही. 'तांदळाची नाव'ची वही पाठवतोय. लाल शाईत माझं, निळ्या शाईत तुझ्या आईचं. निळं तू बोल. लाल कुणाला तरी दे, पण त्याला सांग की खलनायकाला खोकू देऊ नकोस, ती जुनी खोड माझी आहे, सिनेमातली नाही.

एकेचाळिसावं पान कोरं आहे. फाटलेलं नाही, मुद्दाम कोरं आहे. तू कॅसेटवर मागितला होतास तोच प्रसंग. तिथे तुझी आई वहीतलं कधीच बोलली नाही, आपल्या मनाचं बोलायची. ती गेल्यावर मी तिचं सगळं बोललो, पण तेवढं कधी बोललो नाही. तो प्रसंग आला की उठून पाणी प्यायला जायचो. पडदा मुका राहायचा आणि लोक शिट्ट्या मारायचे. तू तिथे आलीस की थांब. पुढचं रीळ लागेपर्यंत काही बोलू नकोस.

मी येतोय. जाहिरातीतला 'जिवंत' हा शब्द तेवढा खरा आहे, बाकीचं पुसून टाक.

बाबा


कोराट, २९ ऑगस्ट

बाबा,

शुक्रवारी पहाटेची बस धरून गेलात. पाटीवर 'दालन छान आहे' एवढंच लिहून गेलात. दोन दिवस मी वाट बघितली की मला राग येईल. आला नाही.

तुम्हाला माहीत नाही ते सांगते. पहिली रांग रिकामी ठेवली म्हणून प्राचार्य चिडले होते. लोक भिंतीला टेकून उभे होते आणि मी नऊ खुर्च्या अडवून प्रत्येकीपुढे पाण्याचा पेला ठेवला होता. 'तुम्हीच ना जूनमध्ये यावर हसला होतात?' असं त्यांनी विचारलं. मी 'हो' म्हटलं. बोलायला उभी राहिले तेव्हा अर्ध्या तासाचं टिपण हातात होतं. पण मी फक्त तुमचा फेब्रुवारीचा खेळ सांगितला, सहा मिनिटांत संपला. शेवटी रडले. विद्यार्थ्यांसमोर रडायची लाज वाटेल असं वाटलं होतं, तीही वाटली नाही. तुम्हाला पहिल्या रांगेत बसवायला आले तर तुम्ही पाटीवर लिहिलंत, 'ती पंगत आपली नाही,' आणि दुसऱ्या रांगेत बसलात. त्या नवऱ्याशी न बोलणाऱ्या म्हातारीनं तुमच्या हातात केळीच्या पानातला भात कोंबला. तुम्ही तो सिनेमाभर मांडीवर धरून बसलात.

निळी शाई मी बोलले. वाईट बोलले. आईचा आवाज माझ्यात कुठेच नाही, हे मला तिसऱ्या रिळापर्यंत कळून चुकलं. लाल शाई बोलणारा प्रासोंग खोकला नाही, पण त्यानं नाव काठाला लागायच्या आधीच 'उतरा' म्हटलं आणि लोक हसले. तुम्हीही हसलात. तुमचे खांदे हलताना दिसले.

मग एकेचाळिसावं पान आलं. मी माइक खाली ठेवला. नुसता यंत्राचा खडखडाट. ती बाई झोपलेल्या पोरीवर वाकली. कुणीतरी म्हणालं, 'आवाज गेला वाटतं.' मी तुमच्याकडे बघितलं. पाणी प्यायला उठलात का ते बघायचं होतं.

तुम्ही उठला नाहीत. तुमचे ओठ हलत होते. त्या बाईचे ओठ पडद्यावर हलत होते आणि तुमचे दुसऱ्या रांगेत, दोघांचे बरोबर एका वेळी थांबत होते. तुम्ही पडद्याकडे बघतही नव्हतात. खाली, माझ्या टेबलाच्या पायांकडे बघत होतात. लाख प्रयत्न केला तरी मला एक शब्दसुद्धा ओळखता आला नाही.

काय म्हणालात, बाबा? आवाज नको आता. तो मी सोडला. नुसतं लिहा.

पुढच्या महिन्याच्या सुट्टीत मी तिकडे येतेय. महिनाभर राहणार आहे. वाद नको.

कुंग


यासोथोन, ४ सप्टेंबर

कुंग बाळ,

ये. वाद कशाचा घालू? माझी पाटी तुझ्या तोंडापुढे कधीच टिकणार नाही.

तू विचारलंस ते तीन दिवस लिहितोय आणि फाडतोय. सव्वीस वर्षं हे तोंडातून काढलं नव्हतं. तुझ्या दालनात ओठांवर आलं, कारण तू माइक खाली ठेवलास आणि मला वाटलं, आता तरी कुणीतरी बोललं पाहिजे.

लोकांना वाटायचं, नावेतली बाई तिच्या पोरीला बोलतेय. तसं नव्हतं. पूर्वी त्या प्रसंगाला तू टेबलाखाली घाबरून रडायचीस, म्हणून तुझी आई वही बाजूला सारायची आणि खाली वाकून माइकमध्येच तुझ्याशी बोलायची. हजार लोक ऐकायचे आणि डोळे पुसायचे. दर गावात तेच शब्द, एक इकडे नाही की तिकडे नाही. हे घे. निळ्या शाईत लिहितोय. वहीत चिकटव.

'कुंग, ए कुंग. झोपलीस? झोप हं. बाहेर येऊ नकोस, डास आहेत. ही बाई खरी कुठे जात नाहीये, वेडे. रीळ संपलं की बाबा उलटं गुंडाळतात, मग ती परत येते. मी इथंच आहे. माझा पाय दिसतोय ना? धर.'

आणि तू धरायचीस, बाळ. झोपेतसुद्धा धरायचीस. खेळ संपल्यावर मला तुझी बोटं एकेक करून सोडवावी लागायची.

बाबा